काय बुडवावे, काय राखावे

तुकोबांचे कागद इंद्रायणीत दोनदा बुडाले. पहिल्या वेळी त्यांनी ते आपल्या हाताने बुडवले. घरच्या सावकारीची ती खतपत्रे होती, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा काढून देऊन उरलेली. दुसऱ्या वेळी ते बुडवणे त्यांना भाग पडले. त्या अभंगांच्या वह्या होत्या. परंपरा सांगते की पहिले कागद त्यांनी पुन्हा कधी मागितले नाहीत आणि दुसऱ्या कागदांसाठी ते तेरा दिवस अन्नपाणी सोडून शिळेवर बसून राहिले. नदी तीच, माणूसही तोच. अपरिग्रहावरच्या प्रवचनात पहिली गोष्ट हटकून येते. दुसरीही येते, पण चमत्कार म्हणून. दोन्ही शेजारी ठेवून कुणी विचारलेले मी ऐकले नाही की एवढा विरक्त पुरुष दुसऱ्या वेळी हट्टाला का पेटला.

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो एका कपाटामुळे. लातूरला गंजगोलाईच्या जवळ मी १९८५ पासून बरीच वर्षे व्हिडिओ लायब्ररी चालवली. दुकान बंद केले तेव्हा हिंदी सिनेमांच्या कॅसेट कुणी नेल्या, कुणी मागितल्या, काही भंगारात गेल्या. एक कपाट मात्र मी घरी आणले. त्यात 'संत तुकाराम' आहे, 'संत ज्ञानेश्वर' आहे, बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केलेला 'धर्मात्मा' आहे, 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी', 'रामशास्त्री', अत्र्यांचा 'श्यामची आई'. काही कॅसेटवर, काही नंतर आलेल्या व्हीसीडीवर, आणि काही दोन्हींवर. आमच्या घरी येणारे एक कीर्तनकार बुवा हे कपाट पाहून म्हणाले, "माउली, ज्याने घरदार वाऱ्यावर सोडलं त्याला तुम्ही कुलपात ठेवलंय." बुवा माझ्यापेक्षा वयाने आणि अधिकाराने मोठे. मी तेव्हा काही बोललो नाही. पण त्यांचा शब्द खोटा नव्हता आणि पूर्ण खराही नव्हता. तेव्हापासून मी त्याचे उत्तर शोधतो आहे.

दुकानात दोन प्रकारच्या वस्तू असत. एक कॅसेट आणि दुसरी उधारीची वही. गणपतीत, लग्नसराईत, जावळाच्या कार्यक्रमाला गावोगावचे लोक व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन सिनेमे रात्रीच्या भाड्याने नेत. गल्लीत पडदी बांधून, सतरंज्या टाकून पहाटेपर्यंत व्हिडिओ चाले. सकाळी बैलगाडीतून, पुढे जीपमधून सामान परत येई, त्यावर हळद-गुलाल उडालेला असे. भाडे कधी येई, कधी सुगीनंतर येई, कधी येतच नसे. हे सगळे वहीत लिहिलेले. संतपट वरच्या फळीवर असत. एरवी त्यांना कुणी हात लावत नसे, पण आषाढी-कार्तिकीला, सप्ताहाच्या सांगतेला त्यांचीच मागणी. 'संत तुकाराम'च्या भाड्याची नोंद मी वहीत क्वचितच केली असेल. गावकरी म्हणत, "मालक, देवाचा सिनेमा हाय," आणि त्यावर पुढे काही बोलायचे उरत नसे.

दुकान बंद झाले तेव्हा ती वही मी फाडून बंबात घातली. कुणाकुणाकडून किती येणे होते ते आता मला आठवत नाही, आणि आठवावे असे वाटतही नाही. कॅसेट बंबात घालण्याचा विचार मात्र मनाला शिवला नाही. फरक कुठे होता हे मला नंतर कळले. वहीत लोकांनी मला द्यायचे लिहिलेले होते. कॅसेटमध्ये मी लोकांना द्यायचे साठलेले होते. तुकोबांची खतपत्रे हे त्यांचे जगाकडून येणे होते, ते त्यांनी सोडले. अभंग हे जगाचे त्यांच्याकडे असलेले देणे होते, आणि देणे बुडवण्याचा अधिकार कुणालाच नसतो. ते शिळेवर बसले ते स्वतःच्या मालमत्तेसाठी बसले, असे मला वाटत नाही. परंपरेत या प्रसंगाच्या दोन हकिकती आहेत. एकीप्रमाणे वह्या कोरड्या वर आल्या. दुसरीप्रमाणे अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून तरले. दुसरी मला जास्त पटते, कारण तिच्यात देणे आधीच पोचते झालेले आहे.

आता एवढ्याने बुवांच्या शंकेचे अर्धेच समाधान होते. राखून ठेवले ते ठीक, पण तेच तेच पुन्हा पाहायचे कशाला? सगळे माहीत असलेल्या गोष्टीत रस घेणे हा मोहच नव्हे का?

वारकऱ्याच्या घरात हा प्रश्न खरे तर पडू नये. ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्याला अठराव्या अध्यायात काय आहे हे पहिल्या दिवशीच ठाऊक असते. मी वाढलो नांदेडला, गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर. तिथे अखंड पाठ चाले. सुमारे ४८ तास, खंड न पडता, संपूर्ण गुरुग्रंथसाहेब. एक वाचणारा पाठी उठे, दुसरा बसे. एरवी रोज पहाटे ग्रंथ उघडण्याचा प्रकाश, रात्री तो मिटून विसाव्याला नेण्याचे सुखासन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या वाचनात कुणाला बातमी नको असते.

मला जे सांगायचे आहे ते असे. सिनेमा पहिल्यांदा पाहताना आपले डोळे 'पुढे काय' या एकाच गोष्टीमागे धावतात. गीतेने कर्माच्या बाबतीत जी फलाशा सोडायला सांगितली, तीच ही डोळ्यांची फलाशा. तिच्यापायी समोरचे क्षण नुसते पायरी होतात. दुसऱ्यांदा पाहताना शेवट हातात आलेला असतो, आणि मग पायऱ्यांकडे लक्ष जाते. 'संत तुकाराम'मध्ये मूल आजारी पडते, औषधाला पैसा नाही, तेव्हा जिजाई एका हाताने पोराला धरून आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठ्ठलाच्या देवळात शिरते. देवाला मारायला निघालेली बाई! पहिल्या वेळी आपण श्वास रोखून चमत्काराची वाट पाहतो. मूल बरे होते आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. चमत्कार होणार हे ठाऊक झाल्यावर मी तिचा हात पाहू लागलो. ज्या हाताने पोराला धरले आहे तो. देवावर इतकी चिडलेली बाई पोराला फरफटत नेते खरी, पण सोडत नाही. गौरी नावाच्या नटीने ते काम केले आहे. तालमीतून आलेल्या नाटकी अभिनयाचा लवलेश तिच्या वागण्यात नाही. ती चूल फुंकते तेव्हा चूलच फुंकते. तुकोबा जे देवात शोधत होते ते ही बाई घरात करत होती, हे दिग्दर्शकांनी कुठे बोलून दाखवलेले नाही. ते 'पुढे काय'ची घाई संपल्यावरच दिसते. शेवटी विमान येते, तुकोबा वैकुंठाला जातात, ती पोरांसाठी मागे राहते. माझ्या आजीने हा भाग पाहताना विमानाकडे हात जोडले आणि मग पदराने डोळे पुसले ते मागे राहिलेलीसाठी.

हा चित्रपट १९३६ चा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेला, प्रभातने पुण्यात काढलेला. मुंबईत तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. देहूच्या वाण्याची गोष्ट एका हिंदू आणि एका मुसलमान कलावंताने मिळून पडद्यावर आणली, आणि महाराष्ट्राने ती आपली म्हणून डोक्यावर घेतली. निजामी राजवटीच्या आठवणी ताज्या असलेल्या आमच्या भागातही ती फत्तेलालांच्या नावासकट पोचली, याचे मला फार मोल वाटते.

पण नांदेडात माझी समजूत एवढ्यावर टिकू दिली गेली नाही. आमच्या शेजारी एक शीख कुटुंब होते, पिढ्यान्‌पिढ्या दख्खनमध्ये राहिलेले, आमच्यासारखेच मराठी बोलणारे. त्या घरातल्या मावशींना 'संत तुकाराम' पाहायला बोलावले तर त्या आल्या, शेवटपर्यंत बसल्या, गाणी त्यांना आवडली. आजीने पडद्यावरच्या तुकोबांना हात जोडले तेव्हा मात्र त्यांनी सरळ विचारले, "तुम्ही पाया कुणाच्या पडलात? तो तर नट आहे. उद्या दुसरं सोंग घेईल." शीख परंपरेत गुरूंची भूमिका कुणा माणसाने करणे मान्य नाही. १९६९ चा 'नानक नाम जहाज है' मावशींनी डोक्यावर ओढणी घेऊन आणि चपला बाहेर काढून पाहिला होता, पण त्यात गुरू म्हणून कुणी नट उभा नव्हता. ज्या नांदेडात १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी गुरुगादी ग्रंथाला दिली, देहधारी गुरूंची परंपरा जिथे शब्दावर येऊन थांबली, तिथल्या बाईने हे विचारणे अगदी तिच्या ठिकाणी होते. आजी उत्तरली, "पाया तुकोबाच्याच पडले की. तो मधी उभा होता एवढंच."

हा प्रश्न मी हलका मानत नाही. विष्णुपंत पागनीस हे मुळात संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणारे गायक नट. तुकोबा म्हटले की आज आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे पागनिसांचाच चेहरा येतो. खरे तुकोबा कसे दिसत हे आपल्याला माहीत नाही, आणि आता मनाने वेगळे काही उभे करणे आम्हाला जमत नाही. ही एक हानीच आहे. शब्द ऐकणाऱ्याला जागा मोकळी ठेवतो, चित्र ती भरून टाकते. शिवाय कीर्तनकार समोरची मंडळी पाहून दृष्टांत बदलतो, रात्र चढली तर आवरते घेतो. सिनेमा कुणासाठी थांबत नाही. मावशींचे म्हणणे मला इतपत मान्य आहे की पडद्यावरची मूर्ती पूजेला बसवू नये. माझ्या कपाटापुढे मी कधी उदबत्ती लावली नाही.

तरी शब्दसुद्धा आपोआप टिकत नाही, कुणीतरी तो जमवून ठेवावा लागतो. नामदेवांचे गाव नरसी आज हिंगोली जिल्ह्यात, नांदेडपासून फार दूर नाही. त्यांची ६१ पदे पंजाबात राखली गेली, १६०४ मध्ये आदिग्रंथात संकलित झाली, आणि त्या ग्रंथासोबत गोदाकाठी परत आली. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात नामदेवांचा शब्द कानी पडतो तेव्हा आपल्या गावचा माणूस लांबचा फेरा करून घरी आला आहे, हे मावशींनीच मला पहिल्यांदा सांगितले. तो फेरा ज्यांनी शक्य केला ते सगळे संग्राहकच होते.

आणि जमवून ठेवलेलेही बिघडते. व्हिडिओ कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय थर. पावसाळ्याची ओल लागली की तिच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती तशीच मशीनमध्ये घातली तर हेड बसते आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. वारंवार चालवली तर थर झिजतो, न चालवता ठेवली तर वेटोळी एकमेकांना चिकटतात. व्हीसीडी आली तेव्हा वाटले सुटलो, पण तिचे चित्र मूळचेच मोजके, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. 'संत तुकाराम' दोन तबकड्यांवर येतो आणि जिजाईच्या चेहऱ्यावरच्या बारीक रेषा त्या ठिपक्यांत विरून जातात. व्हीसीआर बनवणारी जगातली अखेरची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. मूळ फिल्मचे हाल याहून वाईट. नायट्रेटची जुनी फिल्म पेट घेते. पुण्यात २००३ च्या जानेवारीत तशा फिल्मच्या कोठाराला आग लागून कितीतरी रिळे गेली. 'आलम आरा' आज कुठेच उपलब्ध नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' अपुराच उरला आहे.

अशा वेळी मला पैठणचे एकनाथ महाराज आठवतात. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षे होत आली होती, नकलांवर नकला होऊन पाठ भ्रष्ट झाले होते. नाथांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कुणी तिच्यात आपली ओवी घुसडू नये, असेही त्यांनी बजावले. स्वतः एवढे मोठे कवी, पण या कामात त्यांनी आपली वाणी बाजूला ठेवली. जुन्या चित्रपटांचे जतन करणाऱ्याला याहून वेगळा धडा मी देणार नाही. दोन तबकड्यांत बसवायला गाणे कापणे, काळ्या-पांढऱ्या चित्राला रंग फासणे, चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का मारणे, या सगळ्या घुसडलेल्या ओव्याच.

इथे एक अडचण आहे, ती मी लपवत नाही. 'संत तुकाराम'मधला एक अत्यंत गाजलेला अभंग तुकोबांचा नाहीच. तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला. तो इतका उतरला की भजनी मंडळे तो तुकोबांचा म्हणून गातात आणि अभ्यासकही चकले. नाथांच्या कसोटीवर ही भेसळ ठरेल का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्याच चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. आठवल्यांनी स्वतःची रचना तुकोबांच्या पायाशी ठेवली. पोथीत हात घालणे वेगळे आणि पोथीपुढे गाणे वेगळे. आठवल्यांनी गाथेला धक्का लावला नाही. मात्र तो अभंग म्हणताना त्यांचे नाव घेतले पाहिजे, हे मी भजनी मंडळींना आवर्जून सांगतो.

माझ्या सगळ्या विचाराची खरी परीक्षा झाली ती मात्र सिनेमाच्या कॅसेटवर झाली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक नुकतेच झोपले होते. हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. त्यानंतर काही आठवड्यांनी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातला गृहस्थ दुकानात आला. पिशवीत लग्नाची कॅसेट होती. ढिगाऱ्यातून काढलेली, पावसाने भिजलेली, खोक्याला तडा गेलेली. "चालती का बघा," एवढेच तो म्हणाला.

मी मागचे पाच स्क्रू काढले. आत चिखल वाळून भुकटी झाला होता. दोन्ही स्पूल बाहेर काढून, फीत बोटांनी हळूहळू फिरवत, सुती फडक्याने पुसत गेलो. स्पिरिट फक्त कडांना, कारण थरावर जास्त लागले तर चित्रच निघून येते. जिथे फीत चुरगळली होती तेवढा तुकडा कापून सांधा दिला. मग दुसऱ्या एका कॅसेटचे खोके रिकामे करून त्यात ते स्पूल बसवले आणि जुन्या मशीनवर लावले. चांगल्या मशीनवर अशी फीत चालवत नाहीत. ट्रॅकिंगचे बटण फिरवत राहिलो. पट्टे आले, मुंग्या आल्या, मग पंगत आली. वाढणाऱ्या बायका, पाणी देणारी पोरे. नवरा-नवरी येईपर्यंत तो काही बोलला नव्हता, आणि आल्यावरही त्याने तिकडे नीट पाहिले नाही. म्हणाला, "पंगत परत लावा." वाढणाऱ्यांत त्याची आई होती. मी रिवाइंड केले, पुन्हा लावले. त्याने पुन्हा मागितले.

डोळ्यांच्या फलाशेबद्दल मी वर जे लिहिले ते इथे अपुरे पडते. या माणसाला 'पुढे काय' हे कळण्याची आस नव्हती, पुढे काय झाले ते त्याला पुरेपूर ठाऊक होते. पण त्याचे पाहणे निष्काम होते असे मी म्हणणार नाही. त्याला आई हवी होती. शास्त्रार्थ करणारा याला मोह म्हणेल. मी म्हणत नाही. शिळेवर बसलेले तुकोबाही त्या तेरा दिवसांत निष्काम नव्हते, त्यांना वह्या हव्या होत्या. प्रेम आणि आसक्ती यांच्यातली रेघ मला त्या दिवशी त्या माणसाच्या पुढच्या वाक्यात दिसली. त्याने प्रती काढून मागितल्या. भावकीतल्या उरलेल्यांसाठी, कारण पंगतीत त्यांचीही माणसे होती आणि कुणाकडे फोटोसुद्धा नव्हता. नुसती आसक्ती असती तर त्याने कॅसेट छातीशी धरून नेली असती. त्याने ती वाटली. त्या कामाची नोंद मी कुठल्याच वहीत केली नाही.

बुवांना मी शेवटी हेच सांगितले. कपाटाला कुलूप आहे ते धूळ आणि पोरांच्या हातांपासून, माणसांपासून नाही. आषाढीला आमच्या गल्लीत 'संत तुकाराम' लागतो, ज्याला पाहायचा तो येतो. ज्या दिवशी तो लावणे थांबेल त्या दिवशी तो परिग्रह झाला असे समजावे आणि मला तसे बजावावे. बुवांनी ते मान्य केले. या वर्षी ते स्वतः पुढे बसले होते.

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत त्यांना माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्याआधी त्या बाहेर काढा, सावलीत वारा दाखवा, चालू स्थितीतले मशीन असलेल्या जाणत्याकडून दुसऱ्या माध्यमावर उतरवून घ्या आणि वेष्टनावर त्यातल्या माणसांची नावे लिहा, कारण ती ओळखणारे दरवर्षी कमी होतात. आणि माळेगावच्या किंवा इतर जत्रांत ज्यांच्या वाडवडिलांनी तंबूतला सिनेमा चालवला, त्यांच्या माळ्यावर रिळांचे डबे असतील तर ते भंगारवाल्याला तोलून देऊ नका. आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.